रात्रीच्या लाईटला मोटर चालू करून 'तिकडं कुणी आहे का' हा हिशोब कसा मांडायचा

शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायची, फिल्टर धुवायचा, पहिल्या प्लॉटचा व्हॉल्व्ह उघडायचा, की पुढचे दोन-तीन तास माणूस रानात मोकळाच असतो. आमच्या कवठेमहांकाळ तालुक्यात हा वेळ बहुतेकांचा मोबाईलवर जातो. माझं सांगणं एवढंच, त्यातल्या एखाद्या रात्री विश्वात दुसरीकडं बुद्धिमान जीव आहेत का, हा प्रश्न घ्या आणि वहीत त्याचा हिशोब मांडा. मी द्राक्षबागायतदार आहे. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केली आणि शेतीत आलो. बाग सोडली तर दुसऱ्या कशाचा मी एवढा विचार केलेला नाही.

'असणारच' आणि 'काही नसतंय' ही दोन्ही उत्तरं पारावर लगेच मिळतात, पण त्यातून पुढं काही निघत नाही. कारण हा एक प्रश्न नाही, सात लहान प्रश्नांची माळ आहे. त्यातल्या तिनांची उत्तरं आता बऱ्यापैकी मोजून मिळालीत, चारांची नाहीत. कुठली मोजलेली आणि कुठली अंदाजाची, हे वेगळं ठेवता आलं की माणूस या विषयावर नीट बोलू लागतो.

काय घ्यायचं, कुठं थांबायचं

वही, निळं पेन, शिसपेन्सिल, टॉर्च आणि घरात पडून असेल तर जुना ट्रान्झिस्टर. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद रबरानं बसवा. पांढऱ्या उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडते आणि ती परत यायला वीस-तीस मिनिटं जातात. गमबूट घालाच. बागेत घोणस असते आणि वर बघत चालणाऱ्याला ती दिसत नाही. अमावास्येच्या अलीकडं-पलीकडं चार दिवस बघा. आमच्याकडून पश्चिमेला मिरजेचा उजेड दिसतो, म्हणून मी पूर्वेच्या बांधावर, स्टार्टरच्या पेटीतल्या दिव्यांकडं पाठ करून थांबतो. जत, आटपाडी, माण, खटावकडच्यांना असली अडचण कमी.

फळछाटणीनंतरचा, डिसेंबरच्या मध्याचा काळ सगळ्यात चांगला. रात्री नऊच्या सुमाराला मृग पूर्वेला बऱ्यापैकी वर आलेलं असतं. त्यातला निळसर-पांढरा ठळक तारा म्हणजे राजन्य. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. राजन्यापासून पश्चिमेला, म्हणजे त्या वेळी वरच्या अंगाला, अडीच मुठी मोजा. तिथं दोन फिक्या तारका जवळजवळ दिसतील. त्यातली पश्चिमेकडची म्हणजे एप्सिलॉन एरिडानी, यमुना तारकासमूहातली, आपल्यापासून साडेदहा प्रकाशवर्षांवर (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष). तिथून आणखी पावणेतीन मुठी पश्चिमेला आणि थोडं दक्षिणेला सरकलं की तिमिंगल समूहातला टाऊ सेटी, सुमारे बारा प्रकाशवर्षांवर.

दिसायला दोन्ही साधेच. पण माणसानं 'तिकडं कुणी आहे का' म्हणून यंत्र लावून पहिल्यांदा कान दिला तो याच दोघांकडं. १९६० साली अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथं फ्रँक ड्रेक या तिशीतल्या शास्त्रज्ञानं २६ मीटरची रेडिओ दुर्बीण आधी टाऊ सेटीवर आणि मग एप्सिलॉन एरिडानीवर रोखली. लहर धरली १४२० मेगाहर्ट्झची. हायड्रोजनचा अणू स्वतःहून याच लहरीवर बोलतो आणि हायड्रोजन विश्वात सगळीकडं आहे, तेव्हा रेडिओ बनवणाऱ्या कुणालाही ही लहर माहीत असणार, हा त्यामागचा विचार. आदल्या वर्षी कोकोनी आणि मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी तो लेखात मांडला होता.

आता मृगाच्या वर तांबूस रोहिणी बघा. तिचा उजेड आपल्याकडं यायला सुमारे ६५ वर्षं लागतात. आज रोहिणीपाशी कुणी आपल्याकडं बघत असेल, तर त्याला दिसणारं महाराष्ट्र राज्य नुकतंच स्थापन झालेलं आहे आणि कोयनेच्या धरणाचं काम चालू आहे. हिशोबाला बसण्याआधी हे अंतर असं डोळ्यांनी बघून घ्यावं. पुढं हजार प्रकाशवर्षं, लाख प्रकाशवर्षं असे आकडे येतात, तेव्हा ते नुसते आकडे राहत नाहीत.

वहीत सात ओळी

१९६१ साली ड्रेकनंच एका छोट्या बैठकीसाठी हे सात प्रश्न फळ्यावर मांडले. सातांची उत्तरं एकमेकांना गुणली की आपल्या आकाशगंगेत आत्ता किती ठिकाणी रेडिओवर बोलणारे जीव असतील, ती संख्या निघते. मोजलेली उत्तरं निळ्या पेननं लिहा, अंदाजाची शिसपेन्सिलीनं. एवढा एक नियम पाळलात तरी पुष्कळ.

पहिली ओळ: आकाशगंगेत वर्षाला किती तारे जन्मतात? दीड ते तीन. निळ्यानं दोन लिहा.

दुसरी: किती ताऱ्यांना ग्रह असतात? १९९५ पर्यंत सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा एकही पक्का पुरावा नव्हता. त्या वर्षी मेयर आणि क्वेलो यांना महाश्वातल्या ५१ पेगासी ताऱ्याभोवती एक सापडला आणि २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग २००९ ते २०१३ अवकाशातल्या केप्लर दुर्बिणीनं हंस आणि स्वरमंडळाच्या बाजूच्या दीड लाख ताऱ्यांवर डोळा ठेवला. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, तेवढीच घट ती मोजायची. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दूरच्या कुणाला दिसणारी घट दहा हजारात एका भागाहूनही कमी, यावरून त्या कामाची नजाकत लक्षात येईल. एकट्या केप्लरनं अडीच हजारांवर ग्रह शोधले. आता ताऱ्याला ग्रह असणं हाच नियम म्हणायचा. निळ्यानं एक लिहा.

तिसरी ओळ आमच्या चुलत्यांनी विचारली. त्यांनी उभं आयुष्य पावसाची वाट बघत काढलं. मी त्यांना हे सगळं सांगत होतो तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न आला, "तिकडं पाणी हाय का?" शास्त्रज्ञ हेच विचारतात. ताऱ्यापासून बेताच्या अंतरावर, पाणी गोठणारही नाही आणि उकळून जाणारही नाही असे ग्रह किती? केप्लरच्या आकड्यांवरून वेगवेगळ्या गटांनी काढलेली उत्तरं पाच ताऱ्यांमागं एकापासून दोन ताऱ्यांमागं एकापर्यंत पसरलेली आहेत. निळ्यानंच अर्धा लिहा, पण शेजारी प्रश्नचिन्ह घाला. बेताच्या अंतरावर असणं आणि खरंच पाणी असणं या दोन गोष्टी आहेत. उलट गुरूचा युरोपा आणि शनीचा एन्सेलाडस हे चंद्र सूर्यापासून फार लांब, तरी त्यांच्या बर्फाखाली समुद्र आहेत. युरोपाकडं निघालेलं यान २०३० मध्ये गुरूपाशी पोचायचं आहे.

दोन गुणिले एक गुणिले अर्धा, म्हणजे एक. आपल्या आकाशगंगेत वर्षाला साधारण एक राहण्याजोगी जागा तयार होते. निळं पेन इथं ठेवून द्या.

चौथी ओळ: अशा जागी जीव निर्माण होतो का? पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची आणि जिवाच्या खुणा साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या. म्हणजे जागा थंड होऊन बसल्यावर जीव लवकर आला. यावरून बरेच जण इथं 'एक' लिहितात, मीही त्याच्या जवळपासच लिहितो. पण हे एकाच ग्रहाचं उदाहरण आहे, म्हणून शिसपेन्सिलीनंच. इथं आपल्या भागातल्या एका माणसाची आठवण काढलीच पाहिजे. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर २००१ च्या प्रयोगात होते, ज्यात हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. त्यात सूक्ष्मजीव मिळाले. ते खालून वर गेले की बाहेरून आले, याचा निकाल लागलेला नाही. पण 'जीव कुठून आला' हा प्रश्न त्यांनी प्रयोग करून तपासायला घेतला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पाचवी: जीव आला, पुढं बुद्धी येते का? माझी पेन्सिल इथं अडते. जीव लवकर आला, पण केंद्रक असलेली पेशी यायला पुढं दीडशे कोटी वर्षांहून जास्त गेली. प्राणी आले ते साठेक कोटी वर्षांपूर्वी, माणूस तीन लाख वर्षांपूर्वी. कावळा हुशार आहे, हत्ती हुशार आहे, ऑक्टोपस तर वेगळ्याच वाटेनं हुशार झाला. पण एवढ्या कोटी जातींमध्ये रेडिओ बनवणारी एकच निघाली. तेव्हा माझं मत असं, की सूक्ष्मजीव पुष्कळ ठिकाणी असावेत आणि बोलणारे फार थोड्या. सहावी ओळ, बुद्धी आली तरी दूरवर पोचेल असं यंत्र ते बनवतील का, तिचा निकाल मी याच विचारानं लावतो. पाण्याखाली राहणारा हुशार जीव आग कशी पेटवणार आणि तांब्याची तार कुठून ओढणार?

सातवी: असा समाज टिकतो किती वर्षं? जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात रेडिओ लहरींचा प्रयोग दाखवला १८९५ साली. म्हणजे आपली स्वतःची नोंद सव्वाशे-दीडशे वर्षांची. पुढचं कुणालाच माहीत नाही.

आता दोनदा गुणाकार करा

आधी हात आखडून. चौथ्या ओळीत हजारात एक, पाचवीत हजारात एक, सहावीत दहात एक. म्हणजे एक कोटीत एक. टिकण्याची वर्षं हजार धरा. उत्तर येतं दहा हजारात एक, म्हणजे दहा हजार आकाशगंगांमागं एक समाज. आपल्या आकाशगंगेत आपण एकटेच. पण दिसू शकणाऱ्या विश्वात आकाशगंगा किमान दहा हजार कोटी आहेत. त्याला दहा हजारांनी भागा. एक कोटी ठिकाणं उरतात. इतका कंजूषपणा करूनही विश्व रिकामं होत नाही. म्हणून कुणी मला 'विश्वात कुठं तरी असतील का' विचारलं तर मी 'असावेत' म्हणतो, आणि 'भेटतील का' विचारलं तर पुढचा गुणाकार दाखवतो.

दुसऱ्यांदा हात सैल सोडा. चौथी, पाचवी, सहावी, तिन्ही ओळींत एक लिहा. मग टिकण्याची जेवढी वर्षं तेवढेच समाज. हजार वर्षं टिकले तर आकाशगंगेत एका वेळी हजार. ऐकायला भरपूर वाटतात. आता त्यांच्यातलं अंतर काढा. नऊ बाय पाच फुटांवर द्राक्षाची लागण केली तर एकरात ९६८ वेली बसतात, हा हिशोब ज्याला येतो त्याला हाही येतो, फक्त उलटा करायचा. आकाशगंगेची तबकडी एक लाख प्रकाशवर्षं रुंद, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७८५ कोटी चौरस प्रकाशवर्षं. हजारानं भागलं की एकाच्या वाट्याला साडेअठ्ठ्याहत्तर लाख. त्याचं वर्गमूळ अठ्ठावीसशे. शेजारी अठ्ठावीसशे प्रकाशवर्षांवर. हाक जायला अठ्ठावीसशे वर्षं, ओ यायला तेवढीच. आणि समाज टिकतो हजार वर्षं. हाक पोचते तेव्हा हाक मारणारा नसतो.

आता टिकण्याची वर्षं वाढवत न्या. तीन हजार धरली की शेजारी सोळाशे प्रकाशवर्षांवर येतो आणि हाक-ओ मिळून सव्वातीन हजार वर्षं होतात. दहा हजार धरली की शेजारी नऊशेच्या आत, आणि उत्तर अठराशे वर्षांत. म्हणजे सगळं मनासारखं घडलं तरी, दोघांत एक निरोप आणि एक उत्तर व्हायला समाज तीन हजार वर्षांहून जास्त टिकावा लागतो. हा आकडा मी कुठून उचललेला नाही, वहीत असाच निघाला. तुमचाही निघेल. ओळी बदलून बघा, कुठली ओळ किती हलवली की उत्तर किती हलतं ते लिहून ठेवा. रात्र कशी जाते कळत नाही, व्हॉल्व्ह बदलायला मात्र गजर लावून ठेवा.

'मग आजवर कुणी आलं का नाही?'

हा प्रश्न येतोच. १९५० मध्ये एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञानं जेवताना सोबत्यांना तो विचारला. उत्तर देण्याआधी आपण शोध किती घेतला ते सांगा. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचं माप काढलं. सगळ्या दिशा, सगळ्या लहरी, सगळ्या वेळा मिळून शोधायची जागा म्हणजे पृथ्वीवरचे सगळे समुद्र धरले, तर आजवर तपासलेलं पाणी सात-आठ हजार लिटर. आपल्याकडं उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकरसुद्धा त्यानं भरत नाही. एवढ्या पाण्यात मासा मिळाला नाही म्हणून समुद्रात मासे नाहीत असं कुणी म्हणू नये.

प्रत्यक्ष येण्याचं म्हणाल तर १९७७ मध्ये सुटलेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला सतरा किलोमीटर जातं, आणि सगळ्यात जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला त्याला पाऊण लाख वर्षं लागतील. त्या यानावर तबकडी आहे, तीत मराठीतून नमस्कार आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पोरांना हे आवर्जून सांगा. पोरं त्यानंतर जे प्रश्न विचारतात ते लिहून ठेवण्यासारखे असतात.

ट्रान्झिस्टरचा प्रयोग

ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर लावा आणि दोन केंद्रांच्या मधे, जिथं नुसती खरखर आहे तिथं काटा ठेवा. तो स्टार्टरच्या पेटीपासून हातभर अंतरावर, कोरड्या जागी ठेवा. पेटी उघडायची नाही. मोटर चालू करताना कॉन्टॅक्टर (पेटीतला वीज जोडणारा स्विच) खट्‌कन ओढला जातो, त्याच क्षणी रेडिओत जोरात कडकड येते. मोटर फिरत असताना कान देऊन ऐका, खरखरीचा पोत बदललेला असतो. आता चालत चालत बांधापर्यंत जा, आवाज विरत जातो. कुणी बघितलं नसतं आणि नुसतं ऐकलं असतं, तर ही कडकड आकाशातून आली की पेटीतून, हे कसं ठरवलं असतं? थोडा वेळ यावर खरंच विचार करा.

ड्रेकला एप्सिलॉन एरिडानीकडं दुर्बीण वळवल्यावर लगेच जोराचा संदेश मिळाला होता. तो पृथ्वीवरचाच निघाला. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना दर १.३३७ सेकंदांनी येणारे ठोके मिळाले, इतके नेमके की त्यांना 'छोटी हिरवी माणसं' असं नाव पडलं. तो निघाला पल्सार, फिरणारा मेलेला तारा. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला काही वर्षं विचित्र झटके मिळत होते, २०१५ मध्ये कळलं की मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार चालू असतानाच उघडल्यावर ते येतात. २०१९ मध्ये त्याच दुर्बिणीला प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याच्या दिशेनं एक लहर मिळाली, नीट छाननी केल्यावर तीही माणसाचीच ठरली. आणि १५ ऑगस्ट १९७७ ला ओहायोत ७२ सेकंद आलेला संदेश, ज्याच्या कागदावर जेरी एहमन यांनी 'वॉव' लिहिलं, तो पुन्हा कधीच आला नाही. परत न आलेल्याला पुरावा म्हणत नाहीत. जे परत येतं, दुसऱ्या दुर्बिणीलाही मिळतं आणि दुर्बीण बाजूला वळवली की थांबतं, त्यावरच बोलायचं.

व्हॉट्सॲपवर आलेल्या बातम्यांनाही हीच चाळणी लावा. २०२५ मध्ये केंब्रिजच्या गटानं सिंह राशीच्या दिशेला १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहाच्या हवेत, पृथ्वीवर समुद्री जीव तयार करतात तसा वायू असण्याची खूण मिळाल्याचं सांगितलं. खूण तीन सिग्मा पातळीची होती (सिग्मा म्हणजे मिळालेली खूण निव्वळ योगायोग नाही याची खात्री किती, त्याचं माप), विज्ञानात शोध म्हणायला पाच लागतात, आणि दुसऱ्या गटांना तीच मापं तपासून ती पटली नाही. त्याच वर्षी ३आय/ॲटलास हे बाहेरच्या ताऱ्याकडून आलेलं यान आहे असे निरोप फिरले. तो धूमकेतू आहे. मात्र बाहेरून आलेला धूमकेतू ही स्वतःच केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या निरोपांत कुणी लिहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

खोडदला जाऊन या

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या जवळ खोडद इथं जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, बारीक तारांच्या जाळीचा आहे, दोरांवर ताणून बसवलेला. वारा आरपार जातो, वजन कमी होतं, खर्चही. द्राक्षाच्या मांडवाची तार ओढून ज्यानं एकदा तरी हात सोलून घेतलेत, त्याला ते काम बघताना जागचं हलवत नाही. आणि ड्रेकनं धरलेली १४२० मेगाहर्ट्झची लहर या तबकड्यांनाही ऐकू येते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला ती लोकांसाठी खुली असते. जाण्याआधी तारीख विचारून घ्या. तिथं मोबाईल बंद ठेवायला सांगितलं तर लगेच ठेवा. का ठेवायचा, हे पोरांनी ट्रान्झिस्टरचा प्रयोग केलेला असेल तर ती तुम्हालाच सांगतील. आमच्याकडं तेव्हा द्राक्षं उतरायचे आणि बेदाण्याच्या शेडचे दिवस असतात, तरी एक दिवस काढावा. पहाटे तीनला निघालं की दुपारच्या आधी पोचता येतं. वही बरोबर असू द्या, तिथले शास्त्रज्ञ तिसऱ्या आणि चौथ्या ओळीवर आनंदानं बोलतात.